कोरियातल्या जात्यावर

मराठी चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि मिसरूड फुटायच्या आत मी बोटीवर लागलो. जयगडकडची मुलं तेव्हा एक तर मुंबईला गिरणीत जात, नाहीतर दर्यावर. रत्नागिरीला कोर्टासमोरून जाताना काळ्या डगल्यातले वकील दिसत. ते कुठल्याशा विद्यापीठातून आलेले असतात, एवढंच मला ठाऊक. विद्यापीठात काय चालतं हे मला कळलं ते कोरियात, पाय मोडून पडलो तेव्हा.

ही एकोणीसशे तीसच्या पुढची, बर्फाच्या दिवसांतली गोष्ट. तिथल्या एका बंदरात माल उतरवताना दोर सुटला आणि फळ्यांची थप्पी पायावर आली. बोट काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. एजंटाने मला धक्क्याजवळच्या एका खाणावळीत ठेवलं, परतीच्या फेरीला घेऊन जाऊ म्हणाला. येईल ना बोट? हे विचारायचं कुणाला? त्या घरात मी जीव मुठीत धरून पडलो होतो. भात जास्त घेतला तर रागावतील, कण्हलो तर बाहेर काढतील, असलं काहीबाही मनात यायचं.

आणि ते लोक कसे? तिकडे चुलीचा धूर जमिनीखालून खेळवतात, त्याने खोली तापते. चुलीकडची जागा सगळ्यांत उबेची, ती घरातल्या वडीलधाऱ्याची. घरधन्याने तिथे माझं अंथरूण घातलं आणि स्वतः दाराकडे सरकला. हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

मला हे समजावून सांगितलं ते घरधन्याच्या मुलाने. तो राजधानीतल्या विद्यापीठात होता, सुटीला आलेला. त्याला पुस्तकी इंग्रजी यायची, मला बोटीवरची मोडकीतोडकी. त्यावर आमचं चालायचं. काय शिकतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, कोरियन. मला हसूच आलं. ती तर तू बोलतोसच की, म्हटलं.

मग त्याने सांगितलं. राज्य जपानचं. कचेरी, शाळा, कोर्ट, सगळीकडे जपानी. पण विद्यापीठात कोरियन भाषेचा आणि साहित्याचा एक लहानसा वर्ग आहे. तिथे मूठभर मुलं जुन्या गोष्टी वाचतात, शब्द कुठून कसा आला ते शोधतात, खेड्यापाड्यांत जाऊन म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी उतरवून घेतात. त्यांची लिपी पाचशे वर्षांपूर्वी एका राजाने प्रजेसाठी करवली. मुलाने मला ‘क’ म्हणायला लावलं, जीभ तोंडात कशी वळते ते बोटाने दाखवलं आणि तीच वळणं कागदावर काढली. ते अक्षर होतं! मी कितीतरी वेळ जीभ वळवून पाहत राहिलो. आपल्या तोंडात बोटभर जागेत एवढं घडतं आणि कुणी राजा ते निरखतो, या विचाराने अंगावर काटा आला.

बापाला मात्र हे शिक्षण पसंत नव्हतं. मुलाने कायदा शिकावा, नाहीतर सरळ कस्टमच्या कचेरीत चिकटावं, असं त्याचं म्हणणं. सुटी संपत आली तशी जेवताना रोज धुसफूस. मुलगा मान खाली घालून “आबोजी” एवढंच म्हणायचा. आबोजी म्हणजे बाबा. एकदा बाप जे बोलला ते मुलाने मला तसंच सांगितलं, “आईच्या मांडीवर फुकट शिकलास, तेच शिकायला आता गाडीने जातोस?”

मग बाप माझ्याकडे वळला. तुमच्याकडे कुणी आईची बोली शिकायला विद्यापीठात जातं का, असं त्याने मुलाकरवी विचारलं.

नाही म्हणावं तर मुलाचं नुकसान. हो म्हणावं तर खोटं, कारण मला माहीतच नव्हतं. शेवटी म्हटलं, मला विद्यापीठातलं काही कळत नाही, पण माझी आई दळताना ओव्या म्हणते, त्या शिकण्यासारख्या आहेत.

म्हण मग, बाप म्हणाला.

एक शब्द आठवेना. आमच्याकडे ओवी कधी कोरडी म्हणत नाहीत. हात खुंट्यावर पडला की ती येते. मी तसं सांगितलं. तर मुलाने पडवीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचं जातं होतं, सोयाबीन दळायचं. खालची तळी, वरची पाळी, उभा खुंटा, अगदी आमच्यासारखं. पण आमच्यात पुरुष जात्यावर बसत नाही. बसला तर गावभर होतं. माझा मोडका पाय लांब करून मी बसलो, तशा घरातल्या बायका पदराआड नाही, उघड हसल्या. घरधनीण हसत हसतच भिजलेले दाणे घालू लागली. दोन-चार फेरे गेले आणि तोंड आपोआप उघडलं:

दळण दळिते मी, पीठ पडे भुरूभुरू
दर्यावरी गेलं माझ्या आईचं गं लेकरू

माझा मामा बोटीवर गेला तेव्हा आईने ही रचलेली. मुलाने अर्थ सांगितला. बापाने तो त्याच्याकडून पुन्हा सांगून घेतला. आईचं लेकरू म्हणजे भाऊच ना, असं विचारलं. मी मान डोलावली. हसणं थांबलं होतं.

“हे कुणी लिहून ठेवलंय?” बापाने मुलाकरवी विचारलं.

नाही, मी म्हटलं.

“मग तुझी आई गेल्यावर?”

मी खुंटा फिरवत राहिलो. बाप जात्यातून ओघळणारं पांढरं पाणी पाहत होता. मग मुलाशी काहीतरी हळूच बोलला. मुलाने ते मला सांगितलं नाही, नुसता रडत राहिला. घरधनिणीने दाणे घालायचं सोडून डोळे पुसले.

मुलगा विद्यापीठाला निघाला त्या सकाळी माझ्या अंथरुणाशी उकिडवा बसला आणि ओवी पुन्हा म्हणायला लावून त्यांच्या अक्षरांत उतरवू लागला. वर्गात वाचून दाखवणार होता. माझी आई सहीपुरतंही शिकलेली नव्हती. बोट येईल की नाही ही धास्ती तेवढ्या वेळात मला आठवलीही नाही. दुसऱ्या ओळीची चाल त्याला जमेना. मी म्हणायचो, तो म्हणायचा, पुन्हा चुकायचा. बाहेर बर्फात त्याची वळकटी खांद्यावर घेऊन बाप उभा होता, आणि गाडी चुकेल, वर्ग बुडेल म्हणून तोच त्याला हाका मारत होता.