आणि दुसरी कोण?

कोणी ओळख करून देताना ‘पहिल्या’ म्हणालं, की त्या तर्जनीशेजारी मधलं बोट उभं करायच्या आणि विचारायच्या, “आणि दुसरी कोण?” सभागृह हसायचं. त्या हसायच्या नाहीत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याबद्दल सगळ्यांना एकच वाक्य ठाऊक असतं. यांचं वाक्य असं : अमेरिकेतल्या त्यांच्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. निवृत्तीनंतर त्या अबू धाबीला आमच्या विद्यापीठात शिकवायला आल्या. मी तिथल्या ग्रंथालयात. शुक्रवारी दुपारी सगळे आपापल्या घरी पांगले, की अल रीम बेटावरचा आपला उंचावरचा फ्लॅट सोडून त्या माझ्या टेबलासमोरच्या खिडकीशी येऊन वाचत बसायच्या. मलाही घरी जायची घाई नसायची.

आमचं बोलणं इंग्रजीत. पण पहिल्याच शुक्रवारी माझ्या तोंडून गेलं, “गुड आफ्टरनून, बाई.”

त्या दारातच थबकल्या. “आत्ता तर आले. लगेच बाय?”

मी ओशाळून सांगितलं, आमच्या गावच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणतात.

“त्यात मान असतो?”

“असतो. थोडी भीतीही.”

“मग भीतीसकट चालेल.”

तेव्हापासून मी ‘बाई’ म्हटलं, की त्या निरोपाचा हात हलवायच्या आणि खुर्ची ओढून बसायच्या.

सारखंच शिकलेल्या दोन माणसांना सारखं काम का मिळत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. “तो शोधायला लांब जावं लागलं नाही,” म्हणायच्या. तरुणपणी एका परिषदेत कुणा गृहस्थानं त्यांना वाढपी समजून कॉफीचा रिकामा कप हातात दिला. त्या कपासकट व्यासपीठावर गेल्या. पुढचं भाषण त्यांचंच होतं. संपल्यावर त्यांनी विचारलं, “हा कप कोणाचा?”

“मग?” मी विचारलं.

“अजून माझ्याकडेच आहे. पेनं ठेवते त्यात.”

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या जागेसाठी तिकडे मुलाखती चालू होत्या. त्यांचीच एक विद्यार्थिनी, त्यांच्यासारखीच कृष्णवर्णीय, शेवटच्या फेरीत होती. बाई पुस्तक उघडून बसायच्या, पण लक्ष शेजारी ठेवलेल्या फोनकडे.

“काही कळलं, बाई?”

“इन्शाल्ला,” त्या म्हणायच्या. हा शब्द त्या इथेच शिकल्या होत्या.

एका शुक्रवारी पुस्तक मिटून त्यांनी इथलाच दुसरा शब्द उच्चारला. “खलास. जागाच रद्द केली.”

मी चहा आणून ठेवला. तो निवून गेला तरी त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “दुसरी आली तरच मी पहिली. नाहीतर नुसती एकटी.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथेच वारल्या. विद्यापीठ उघडल्यावर शोकसभा झाली. विभागप्रमुख बोलू लागले, “त्या पहिल्या...” आणि श्वास घ्यायला थांबले. नेमक्या त्याच जागी ती दोन बोटं वर व्हायची.

मी सभेत कधी बोलत नाही. मागच्या रांगेतून मी विचारलं, “आणि दुसरी कोण?”

माना वळल्या. कोणी हसलं नाही. विभागप्रमुखांनी हातातला कागद खाली ठेवला.

“अजून नाही,” ते म्हणाले.

त्या शुक्रवारी ग्रंथालय बंद करताना मी खिडकीचा पडदा ओढला. तिथली खुर्ची सरळ करताना सवयीनं म्हणालो, “बाई.”

या खेपेला ते मलाही इंग्रजीत ऐकू आलं.