कडेला उभ्या केलेल्या वहिनी

कॅमेरा आहे तसंच दाखवतो, असं मी चार वर्षांपूर्वी माझ्या वहिनींना ऐकवलं. ते खोटं होतं, आणि बोलतानाच मला ते माहीत होतं.

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी एक जुना, रोल घालायचा रेंजफाइंडर कॅमेरा घेतला. त्यावर पन्नासची लेन्स होती, डोळ्याला दिसतं साधारण तसंच दाखवणारी. मग हौसेनं एकवीसची घेतली. ती इतकं रुंद बघते की कॅमेऱ्याच्या खिडकीत ते मावतच नाही, म्हणून वर वेगळा फाइंडर बसवावा लागतो. खालच्या खिडकीत फोकस जुळवायचा, मग डोळा वर नेऊन चौकट बघायची. पहिल्या रोलमध्ये नुसतं आभाळ आणि डांबरी रस्ता आला, माणसं मुंग्यांएवढी. मग जवळ जायला शिकलो. घोडेगावच्या बाजारात एका बैलापासून हातभर अंतरावर गेलो. पुढच्या आठवड्यात मालकाला फोटो दिला तर तो म्हणाला, "बाबा, म्या बैल इकला. ह्यो घोडा कुनाचा?" बैलाचं तोंड चौकटीच्या कडेला होतं आणि लांबच लांब ओढलं गेलं होतं. या लेन्समध्ये मधलं नीट येतं, कडेचं ताणलं जातं, आणि जितकं जवळ जावं तितकं जास्त. फाइंडरमधून ते फारसं जाणवत नाही. पण सहा रोल संपेपर्यंत मला ते पुरतं कळलं होतं.

वहिनींचं आणि माझं कधी पटलं नाही. दादांनी आणि त्यांनी शेती ओढली, मी नोकरीला पळालो, आणि त्यांनी मला ते विसरू दिलं नाही. त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. डावा गाल लोंबला होता. दीड वर्ष आरशासमोर बसून त्यांनी तोंडाचे व्यायाम केले, फुगे फुगवले, आणि चेहरा जवळजवळ सरळ केला. तरी कुणी मोबाईल रोखला की पदर तोंडावर यायचा.

जत्रेला सगळे जमलो होतो. पंगतीत, जावयांच्या देखत, वहिनी म्हणाल्या, "भावजी, ज्याला बैल धरता येत न्हाई त्यानं कॅमेराच धरावा. त्यो लाथ मारत न्हाई." सगळे हसले. मीही हसलो.

दुपारी त्याच म्हणाल्या, "समद्यांचा एक फोटू काढा. मी बी उभी ऱ्हाते. तुमचा बरा, लगीच कुनी बघत न्हाई."

झटक्यानंतर पहिल्यांदा त्या पदर न घेता उभ्या राहणार होत्या. त्यांची जागा मध्ये, दादांशेजारी. मी म्हणालो, "वहिनी, जावयांना मध्ये बसवू. आपण घरचे, आपण कडेला." जावयांच्या मानाला त्या नाही म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना अशा टोकाला उभं केलं की डावा गाल बाहेरच्या बाजूला यावा. मग दोन पावलं पुढे गेलो. मागे सरकायला अंगणात भरपूर जागा होती.

फोटो मोठा करून, काचेत बसवून, मीच नेऊन दिला. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग दादांना म्हणाल्या, "म्हंजी आजून वाकडंच हाय. तुमी समदे माझी समजूत घालत हुता."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी ते वाक्य बोललो, कॅमेरा आहे तसंच दाखवतो.

त्यानंतर त्या कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. आरसा माळ्यावर गेला. घरचे सांगून थकले, पण घरच्यांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

गेल्या महिन्यात मी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही.

"नातीच्या लग्नात मी आतल्या खोलीत बसले," त्या म्हणाल्या. "तुमी भाईर जेवत हुता."

"हो."

"बुंदी दोनदा घेतली."

मी समोरची एक शेंग उचलली.

"माझ्या एकटीच्या कानात सांगून काय उपेग? ज्यांनी त्यो फोटू बघितला त्यांना कळू द्या. लिवा."

म्हणून हे लिहिलं आहे. लेन्सला दोष नाही, हाताला सवय नव्हती असंही नाही. वहिनींचा चेहरा त्या दिवशी सरळ होता.

उठताना मी म्हणालो, "वहिनी, पन्नासची लेन्स लावून नीट काढतो एक."

"काढून घीन की फोटू," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून न्हाई." आणि आत सुनेला हाक मारली, "च्या ठिवू नको गं. भावजी निघाले."