बोराटे बाईंनी वाचवलेलं वर्ष

बोराटे बाईंना कुठल्याही वस्तूची किंमत विचारायला संकोच वाटत नसे. आमची पहिली भेट एदोगावातल्या आमच्या इमारतीखाली, सायकली लावायच्या जागेत झाली. मला जपानमध्ये येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि माझ्या हातात कोथिंबिरीची एक छोटी जुडी होती. सुती साडीवर पुरुषी जर्किन घातलेल्या, पन्नाशीच्या एका बाईंनी सायकलला कुलूप घालता घालता माझ्याकडे पाहिलं आणि नाव-गाव न विचारता म्हणाल्या, "कितीला पडली?"

मी आकडा सांगितला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "एवढ्यात कराडात मेथीची पाटी येते. चल, तुझ्या गॅलरीत ऊन येतं का बघू."

आणि त्या खरंच वर आल्या. पुढच्या रविवारी माझ्या गॅलरीत दोन कुंड्या आल्या. बाईंनी डब्यातले धणे चपलेखाली रगडून त्यांत पेरले. दीड महिन्यात मी शेजारणींना कोथिंबीर वाटत होते.

ते दिवस आयटीवाल्यांच्या भरतीचे होते. माझा नवरा समीर तोयोसुला एका कंपनीत होता. दर महिन्याला कोणीतरी नवं मराठी कुटुंब बॅगा ओढत आमच्या भागात उतरत होतं. त्यांच्या मुलांसाठी भारतीय शाळा निघाली होती आणि बाई तिथे गणित शिकवत. त्याआधी चौदा वर्षं त्या मस्कतला शिकवत होत्या. तिथे शाळेने राहायला घर दिलेलं, पगारावर कर नाही, वर्षातून एकदा घरी जायचं विमानाचं तिकीट. इथे पगार हातात येण्याआधीच कर आणि विमा कापला जाई, आणि घर भाड्याने घ्यायचं तर मालकाला 'आभार' म्हणून वेगळी रक्कम, जी कधीच परत मिळत नाही.

"मस्कतला पैसा उरायचा, इथे तो उरवावा लागतो," बाई म्हणत. आम्ही बाकीचे याच गोष्टीवर तासन्‌तास रडगाणं गायचो. बाईंना मात्र त्यात खेळ सापडला होता. संध्याकाळी सुपरमार्केटमधला माणूस अर्ध्या किमतीची चिकटपट्टी घेऊन कधी बाहेर येतो ते त्यांना ठाऊक. परत जाणाऱ्या कुटुंबांची टेबलं-खुर्च्या कोणाकडे पोचवायच्या तेही ठाऊक. कोपऱ्यावरच्या टोफूच्या दुकानात दूध काढून उरलेला सोयाबीनचा चोथा जवळजवळ फुकट मिळे. बाई त्याचा लसूण-मिरची घालून असा झुणका करत की समीर डब्यात दुसरं काही नेईनासा झाला. मात्र घरी आलेल्याला जेवू घातल्याशिवाय त्यांनी कधी सोडलं नाही. "काटकसर स्वतःच्या ताटात करायची. पाहुण्याच्या ताटात केली की तिला चिकटपणा म्हणतात."

आणि त्यांचं आवडतं वाक्य असं: "महागाई दुकानात नसते गं, घाईत असते."

मी दिवसभर घरी बसून कंटाळते हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. पुण्यात मी तीन वर्षं जपानी शिकले होते, पण त्याचं इथे काय करायचं हे मला कळत नव्हतं. बाईंनी एक दिवस मला थेट मुख्याध्यापिकांसमोर नेऊन उभं केलं. "मॅडम, या मीनल. आपल्याला वॉर्ड ऑफिसातली पत्रं वाचणारं कोणी नाही, आणि बालवर्गाला जपानी शिकवणारंही. या दोन्ही करतील." बाहेर आलो तेव्हा माझी नोकरी ठरली होती. पहिला पगार झाला त्या दिवशी मी स्टेशनवरून घरापर्यंत अक्षरशः धावत गेले.

बाई कशासाठी एवढं वाचवतात, हे मला वर्षभराने समजलं. मी सरळच विचारलं. त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं मासिकाचं एक पान काढलं. त्यावर एका जुन्या लाकडी फळीचा फोटो होता. मोठं वर्तुळ, त्याच्या आत शेजारी-शेजारी दोन सारखी वर्तुळं, आणि उरलेल्या फटीत एक छोटं. बाजूला उभी जपानी अक्षरं.

"मस्कतच्या लायब्ररीत सापडलं हे," बाई म्हणाल्या. "जुन्या काळी इथले लोक एखादं गणित सुटलं की फळीवर रंगवून देवळात लावायचे. आपण नारळ वाहतो, तसं गणित वाहायचे. शेतकरी, सामुराई, बाया, पोरंसुद्धा. मीनल, हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हटलं, या देशात एकदा जायचंच."

क्योतोमध्ये एक प्राध्यापक या फळ्यांवर काम करत होते. त्यांच्याकडे वर्षभर संशोधक विद्यार्थिनी म्हणून राहायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. त्यासाठी नोकरी सोडावी लागणार, फी भरावी लागणार, आणि वर्षभर स्वतःचा खर्च चालवता येईल एवढे पैसे बँकेत आहेत हे दाखवावं लागणार. मस्कतच्या चौदा वर्षांच्या पगारातून धाकट्या भावाचं घर झालं होतं, दोन बहिणींची लग्नं झाली होती, आईचं आजारपण निभावलं होतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. जपानची ही चार वर्षं तेवढी त्यांनी स्वतःसाठी राखली होती.

प्राध्यापक मोरी यांना मी बाईंच्या वतीने जपानीत पत्र लिहिलं. बाईंनी त्यासोबत फळीवरच्या एका गणिताची स्वतःची उत्तरं, तीन वेगवेगळ्या रीतींनी सोडवलेली, जोडली. दहा दिवसांत उत्तर आलं: ऑगस्टच्या शेवटी भेटायला या.

नेमका जूनमध्ये कराडहून भावाचा फोन आला. मी तेव्हा त्यांच्याकडेच चहा पीत होते. भावाचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण बाईंचा चेहरा दिसत होता. पुतण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा होता आणि कॉलेज देणगी मागत होतं, हे मला नंतर कळलं.

"वसंता, या खेपेला नाही जमायचं," बाई म्हणाल्या.

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आहेत. पैसे आहेत. पण ते माझे आहेत." त्यांनी समोरचा कप बाजूला सारला. "पोरगं हुशार आहे. देणगीशिवाय जिथे मिळेल तिथे घाल. गणितात अडला तर मी रोज फोनवर शिकवीन."

फोन बंद झाला. बाईंनी कप उचलून बेसिनमध्ये ठेवला आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. पाणी वाया घालवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर कित्येक महिने वसंतरावांचा फोन आला नाही.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी क्योतोला निघालो. बुलेट ट्रेनने अडीच तास लागले असते, पण सुट्टीत दिवसभर साध्या गाड्यांनी कुठेही जाता येतं असं एक स्वस्त तिकीट बाईंनी शोधून काढलं होतं. पहाटे निघून सहा वेळा गाडी बदलत, दशम्या आणि ठेचा खात आम्ही गेलो. सगळ्या वाटेवर बाई खिडकीला नाक लावून होत्या. भातशेती, समुद्र, शाळेच्या गणवेशातली चढणारी-उतरणारी मुलं. "बघ की, या पैशात अख्खा देश दाखवतायत," त्या म्हणाल्या. मी मात्र गणिताचे जपानी शब्द घोकत होते, कारण दुभाषी मी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी-सेन्सेईंची, म्हणजे मोरी सरांची, भेट झाली. सत्तरीकडे झुकलेले, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "या वयात तुम्हाला हे का करायचं आहे?"

मी ते बाईंना मराठीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, तीस वर्षं दुसऱ्यांची गणितं तपासली. आता एक माझं सोडवायचंय."

सेन्सेईंनी मान हलवली, उठून फळ्यावर एक आकृती काढली आणि खडू बाईंच्या हातात दिला. लंबवर्तुळात अडकवलेली वर्तुळं होती, मला त्यातलं काही कळलं नाही. बाई पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग पदर खोचून लिहू लागल्या. अर्धा फळा भरला, पुसला. पुन्हा भरला. पाऊण तास झाला. सेन्सेई घड्याळाकडे पाहतील या भीतीने मी त्यांच्याकडे बघायचंही टाळत होते. शेवटी बाईंनी एक छोटी रेघ ओढली, खाली उत्तर लिहिलं आणि बाजूला झाल्या.

सेन्सेई उठले. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि काहीतरी पुटपुटले. मग दुसरा खडू घेऊन शेजारी स्वतःची रीत लिहू लागले. बाईंनी मध्येच त्यांचा हात थांबवून एक पायरी खोडली. ते हसले. पुढचा तासभर दोघं फळ्याशी उभं राहून एकमेकांशी बोलत होते, हे जपानीत, या मराठीत, आणि मधल्या आकड्यांत त्यांचं सगळं जमत होतं. मला कोणी एक शब्दही विचारला नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आनंदाने रडत होते.

प्रवेशाचं पत्र जानेवारीत आलं. शाळेत मुलांनी बाईंना गराडा घातला. त्याच आठवड्यात रविवारी दुपारी आम्ही दोघी त्यांची पुस्तकं खोक्यांत भरत होतो, तेव्हा फोन वाजला. वसंतरावच होते. पुतण्याने त्यांना क्योतोच्या प्रवेशाचं सांगितलं होतं. त्याला साताऱ्याला देणगीशिवाय, सरकारी कोट्यातून प्रवेश मिळाला होता आणि तो फोनवर गुपचूप आत्याकडून गणित शिकत होता. बाईंनी माझ्या हातात पुस्तक दिलं आणि खाली जमिनीवरच बसल्या. बराच वेळ फक्त "हं, हं" म्हणत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नाही रे. पुरतील. लागले तर सांगीन."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"वसंता विचारत होता," त्या म्हणाल्या, "ताई, तिकडे थंडीत खर्च जास्त येत असेल. काही पाठवू का?"

मी त्यांच्याजवळ बसले. बाईंनी डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'क्योतो' लिहिलं.