विलासच्या घराच्या भिंती

विलास हार्ट अटॅकने गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. रडू आलं नाही. आधी संताप आला. अरे बाबा, घर तरी बांधून जायचंस...

चाकणजवळ बांधकामाचे हलके ब्लॉक करणाऱ्या या कंपनीत आम्ही दोघं एकदमच लागलो. मी डिस्पॅचला, तो ऑटोक्लेव्हवर. म्हणजे लांबलचक लोखंडी टाकी. चुना, सिमेंट आणि बारीक वाळूचे ओले ठोकळे आत ढकलायचे, दार घट्ट लावायचं आणि तापलेली वाफ जबर दाबाखाली तासन्‌तास कोंडून ठेवायची. त्या आचेत चुना, वाळू आणि पाणी एकमेकांना धरतात, त्यांचे सूक्ष्म स्फटिक गुंफले जातात, तेव्हा कुठे ब्लॉकला ताकद येते. वाफ लवकर सोडली तरी ब्लॉक दिसतो तसाच, पण आतून अर्धकच्चा. पुढे भिंतीला तडे जातात.

ऑर्डरची घाई तर बारमाहीच, त्यामुळे साहेब लोक हटकून वाफ लवकर सोडायला लावत. विलास भांडायचा, हरायचा, पुन्हा भांडायचा. राजगुरुनगरला त्याची वडिलोपार्जित जागा होती, जोतंही बांधून झालं होतं. भिंती मात्र त्याला स्वतःच्या हातच्या ब्लॉकांच्याच हव्या होत्या, तेही पुरत्या वाफेच्या. कधी विचारावं तर, "या खेपेतले न्हाई घ्यायचे, राव. घाईचे हायत." जोत्यावर गवत माजलं. मंगलवहिनी पिंपळे गुरवच्या भाड्याच्या खोलीत वाट बघत राहिल्या. साध्या विटा आण आणि मोकळा हो, असं मी कानीकपाळी ओरडलो. ऐकेल तर शपथ!

तो गेल्यावर कंपनीला कळवळा आला. त्याच्या घरासाठी ब्लॉकचा ट्रक फुकट निघाला... आणि तोही नेमका घाईच्या खेपेतला. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "फुकटचं आहे ना? जाऊ द्या."

मी ट्रकबरोबर गेलो. गप्प बसायचं ठरवलं होतं. बाईला छप्पर तरी मिळू दे. वहिनी जोत्यावरचं गवत उपटून तयार होत्या.

"भाऊजी, ह्या ब्लॉकांना वाफ पुरती दिलीय न्हवं?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"मग परत न्या. ह्यांनी न्हाई लावले, मी कशी लावू?"

"वहिनी, अहो, तोही असाच हट्ट करत गेला..." मी भडकलो. त्यांनी ऐकून घेतलं, ड्रायव्हरला चहा दिला आणि ट्रकचं फळकं पुन्हा लावायला सांगितलं.

भरला ट्रक माघारी फिरला. ड्रायव्हरशेजारी बसून मी विलासला मोठमोठ्याने शिव्या घातल्या, तो समोर असता तर घातल्या असत्या तशाच.