कावळ्याच्या देवळात वन्सं

डोळा लागतोय की नुसतीच पापणी जड झालीय ते कळत नाही. भरदुपार आहे. जपानमधल्या कुठल्याशा डोंगरात, एका जुन्या देवळाच्या पायरीवर मी पाय सोडून बसलेय आणि तानिमोतो खाली काहीतरी खायला आणायला गेलाय. हा तानिमोतो इथलाच गाइड, चौऱ्याहत्तर वर्षांचा. माझ्या मुलाने, चिन्मयने, ओसाकाहून ठरवून दिला. "आई, सगळी जुनी देवळं दाखवेल." दाखवली बाबा. सकाळपासून चार झाली. देऊळ म्हणायचं आणि आत मूर्ती नाही, आरसा! आमच्या मिरजेच्या मोरीतही आहे की आरसा, त्याच्यासाठी विमानात बसायला नको.

दारातल्या हौदावर याने बांबूच्या ओगराळ्याने पाणी दिलं. मी आपलं तीर्थ म्हणून उजव्या हातावर घेतलं, प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तानिमोतो हबकलाच. ती चूळ भरून बाजूला टाकायची असते म्हणे. मग आधी सांगायला काय झालं होतं?

आणि या देवळात मान कोणाचा? कावळ्याचा. तोही तीन पायांचा. झेंड्यावर कावळा, ताइतावर कावळा. "वाट चुकलेल्याला आमचा कावळा वाट दाखवतो," तानिमोतो छाती फुगवून सांगत होता. मी तोंड फिरवलं. कावळ्यांशी माझं सध्या बरं नाही.

फेब्रुवारीत वन्सं गेल्या. द्वारकावन्सं, आमच्या यांची थोरली बहीण. एकतीस वर्षं आमच्याच घरी होत्या. दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. हे रडत रडत एकेक कबूल करत होते, ताई तुझी तुळस सांभाळू, ताई तुझी ट्रंक तशीच ठेवू. कावळे झाडावर बसून मजा बघत होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्या वाढून झालं की विचारायच्या, "कशी झालीय गं आमटी?" आणि मी म्हणायचे, "ठीक." चांगली म्हटलं असतं तर माझी जीभ झडली असती का? पण चारचौघांत, घाटावर उभं राहून, आमटी चांगली व्हायची हो म्हणून ओरडायचं? मी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही.

पुढे झेंडी धरून वन्सं चालल्यात.

"चल की गं. म्हशीसारखी बसून काय राहिलीस?"

"तुम्ही गाइड, वन्सं?"

"मग कोण, तो म्हातारा? आरसा दाखवतो आणि मान हलवतो. त्याला काय कळतंय!"

नऊवारीच्या काठाखाली त्यांचे पांढरे मोजे दिसतात. एक, दोन, तीन. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आम्ही लाल कमानीखालून चढतोय, चढतोच आहोत, आणि पायाला मात्र नदीचं पाणी लागतंय. ही कृष्णाच. घाटावर गुरुजी बसलेत, त्यांच्या डोक्यावर गवताचा जाड दोर बांधलाय आणि ते दोनदा टाळ्या वाजवून "आता नमस्कार करा" म्हणतात. मी करते. वन्सं करत नाहीत.

"याने माझ्या दहाव्याला अर्धे मंत्र गाळले," त्या म्हणतात. "चल आत."

गाभाऱ्याचं लाकडी दार सरकतं आणि आत आमचा ओटा आहे. कुकरची शिट्टी होते. वन्सं पाट मांडतात, मी बसते. त्यांची पाठ माझ्याकडे आहे. आता बोलायलाच हवं, नाहीतर ही बाई अशीच उपाशी डोंगर चढत राहील.

"वन्सं, तुमची आमटी चांगली व्हायची."

त्या वळूनसुद्धा बघत नाहीत.

"कोणती?"

"सगळीच."

"खोटारडी! नागपंचमीला मीठ पडलंच नव्हतं, तीसुद्धा चांगली?"

"वन्सं, मी मनापासून सांगतेय."

"अडलंय म्हणून सांगतेयस. झोप येत नाही ना? तुझ्या एका शब्दासाठी मी कावळ्याला धरून ठेवीन? एवढी मोठी कधी झालीस गं तू, शैला?"

माझ्या अंगाची आग होते. मेल्यावरही हिचा तोरा उतरत नाही. इतक्या लांब येऊन, चार देवळं चढून, मी हिच्यापुढे मान खाली घालावी आणि हिने ती झिडकारावी?

"कसली चांगली!" मी पाटावरून उठतेच. "एकतीस वर्षं आमच्या जिभेला खोड लावून ठेवलीत तुम्ही. आता माझ्या हातचं मलाच गिळवत नाही. तीच डाळ, तोच मसाला, तेच पातेलं, आणि होतं काय, तर पाणचट! हे ताटावर बसतात आणि भात चिवडून उठतात. सात महिने त्या घरात कुणी पोटभर जेवलेलं नाही. तुम्ही गेलात आणि आमची उपासमार करून गेलात!"

ओट्यावर काहीतरी आपटतं. वन्सं माझ्याकडे बघतात. हसत नाहीत, हसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण खांदे सैल सोडतात, पदर खोचतात आणि खिडकीकडे वळतात. खिडकीबाहेर देवदारांचं रान आहे.

"एवढं सरळ बोलायला जपानला यावं लागलं होय तुला?" त्या म्हणतात. "मूर्ख."

आणि खिडकीतून उडतात. फडफड एवढी मोठी होते की मी दचकून उठते.

तानिमोतो ओरडत दोन्ही हात हवेत फिरवतोय. माझ्या शेजारी पायरीवर पानात बांधलेला भाताचा मोठा लाडू आहे. मी झोपले होते म्हणून तो हळूच ठेवून चहा आणायला गेला होता. पान फाटलंय, लाडू मधोमध उकरलाय, शितं पायरीभर सांडलीत. वर फांदी अजून हलतेय.

"माफ करा, माफ करा," तानिमोतो कमरेत वाकतो, पुन्हा वाकतो. "कावळ्याने तोंड लावलं. मी दुसरा आणतो."

कावळा शिवला म्हणून हा माणूस माझी माफी मागतोय. याला मी काय सांगणार? "राहू दे," मी हाताने खूण करते आणि फोन काढते. गुडघ्यांमुळे हे चिन्मयकडेच राहिलेत.

"काय गं? पडलीस का?"

"नाही. अहो, वन्संना कावळा शिवला."

कुठे, कसा, वेड लागलंय का, यातलं ते काहीही विचारत नाहीत.

"काय कबूल केलंस?" ते म्हणतात.

तानिमोतो अजून वाकलेलाच आहे. मी त्याच्याकडे पाठ करते आणि यांना सगळं सांगते.