पोरीच्या बापाले सूट

राजूचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. हे यवतमाळच्या दवाखान्यात होते, मी सकाळच्या गाडीनं दिग्रसला धुतलेले कपडे घ्यायला आले होते, आणि आलेच आहे तर दोन भाकरी टाकून डबा घेऊन जावं म्हणून तवा ठेवला होता. फोन कानाशी धरला तर राजू म्हणाला, "आई, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं गेले?" कारण आदल्याच आठवड्यात ते नाकातली नळी काढून, वॉर्डातल्या बाईची नजर चुकवून, खाली फाटकापाशी तंबाखूचा खर्रा आणायला गेले होते. मला वाटलं, पुन्हा गेले असतील. तिकडून राजू म्हणाला, "गेले म्हंजे... गेले, आई." तव्यावरची भाकरी उलटून, भाजून, मगच मी गॅस बंद केला. एका शब्दाचा भलताच अर्थ धरून बसणं आमच्या घराला नवीन नव्हतं. त्यातूनच आमच्या घरात एक कोट आला होता. त्या कोटाचं आणि तो घालणाऱ्या माणसाचं लिहिते आहे.

माझे मालक देविदास जन्मभर दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, हमाल होते. सरकीची पोती वाहायची, आणि पोतं नेहमी उजव्या खांद्यावर. चाळिशीत तो खांदा खाली गेला तो गेलाच. उजवा कान मशीनच्या आवाजानं गेला. घरात सगळ्यांना सवय होती, काही सांगायचं असलं की त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन सांगायचं. आम्ही जिनिंगच्या मागच्या खोलीत राहत होतो. खोलीला खिडकी होती, पण उघडली की समोर गोदामाची भिंत. हंगामात कापसाची धूळ आत यायची म्हणून तीही बंद. फार गोडीचा संसार होता असं मी लिहिणार नाही. हे बोलायचे नाहीत आणि मला बोलल्याशिवाय करमायचं नाही. तेव्हा घरात फोन एकच, तो यांच्या शर्टाच्या खिशात. लग्नकार्यात गेले की हे मागं आचाऱ्यांपाशी जायचे, पाण्याचा जग उचलायचे आणि पंगतीत वाढत फिरायचे. फोटोवाला दिसला की जग घेऊन दुसऱ्या बाजूला. लोकांना वाटायचं, किती सेवाभावी माणूस! सेवाभावी कशाचे... खांदा लपवायला जग बरा पडायचा.

सुनंदाला, म्हणजे आमच्या मुलीला, बोरी अरबचं स्थळ आलं. मुलगा राजूरकडं खाणीवर मेकॅनिक होता. बैठक आमच्याच खोलीसमोर झाली, शेजाऱ्यांच्या सतरंज्या मागून आणून. मी आत चहाच्या पातेल्यापाशी. बाहेर मानपानाचं चाललं होतं, मामाला टोपी-दुपट्टा, काकांना शर्टपीस, आजीला लुगडं. मुलाचे वडील, म्हणजे आमचे व्याही, आमच्याकडं इवाई म्हणतात, मोठ्या आवाजाचा गमत्या माणूस. ते काहीतरी म्हणाले आणि सगळी बैठक एकदम हसली. मला शब्द ऐकू आले नाहीत, हसणंच ऐकू आलं.

पाहुणे गेल्यावर हे सतरंजीवर तसेच बसून. मी डाव्या बाजूला जाऊन विचारलं, "काय झालं?"

"मले सूट शिवा लागते."

"कायले?"

"इवाई म्हणे, नवरदेवाचा सूट आमचा आमी पाहू, अन् पोरीच्या बापाले सूट. समद्यायसमोर म्हणे."

"मंग त्यात हासाले काय झालं?"

त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा दाखवला. "याले हासले."

वाचणाऱ्यांच्या ध्यानात आलंच असेल. आमच्या आलं नाही. एक तर त्याआधी सगळी कपड्यांचीच यादी चालली होती. आणि दुसरं म्हणजे, माफ केलं, सोडून दिलं, अशी सूट आम्हाला कोणी कधी दिलीच नव्हती, तर ती डोक्यात येणार कुठून?

मी म्हटलं, फोन करून नीट विचारा. तर म्हणाले, "पोरीवाले दुसऱ्यांदा इचारत नसतात. इचारलं का त्यायले वाटन, याले झेपत नाही. पोरगी जायाची हाय तिथं." सुनंदा म्हणाली, "बाबा, मी विचारू का?" तर तिला म्हणाले, "तू त मुळीच नाही." आणि खिशातल्या फोनवर हात ठेवून बसले. आता झालं असं की न विचारावं तर कोट शिवावा लागतो, विचारावं तर पोरीचा कमीपणा होतो. हसण्याचं मात्र त्यांना जास्त लागलं होतं. मंडपात सूट घालून, समोर उभं राहून दाखवायचं, एवढं एकच त्यांनी धरलं. मी ओळखून होते. कोट अंगावर नीट बसला नाही तर लेकीच्या लग्नातही हा माणूस जग घेऊन मागं जाणार.

दिग्रसच्या तयार कपड्यांच्या दुकानात जेवढे कोट होते तेवढे त्यांनी अंगात घातले. डाव्या बाजूनं माणूस दिसायचा, उजव्या बाजूनं पोतं. दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, खांदा जरा वर घ्या ना." हे म्हणाले, "तोच त येत नाही ना, बाबू." आमच्या गल्लीतला शिंपी शाळेचे ड्रेस शिवायचा. त्यानं कोटाचं नाव काढताच हात जोडले. मग यष्टीनं यवतमाळ. तिथं आधी एका मोठ्या काचेच्या दुकानात गेलो, माझंच डोकं. आतल्या माणसानं आमच्या चपलांकडं पाहिलं, मग खांद्याकडं, आणि म्हणाला की सीझन आहे, आणि अशा अंगाचा भाव वेगळा पडतो. बाहेर पडायला लागलो तर ते काचेचं दार उघडेना. हे ढकलतात, ढकलतात... आत गिऱ्हाईक पाहून राहिलं. शेवटी त्या माणसानंच येऊन दार आत ओढलं.

बसस्टँडमागच्या गल्लीत जिन्याखाली हमीदभाईंचं दुकान होतं. मशीन, इस्त्री, हमीदभाई आणि एक गिऱ्हाईक, पाचव्याला जागा नाही. मी बाहेर पायरीवर. हे टेपसमोर छाती काढून, श्वास रोखून उभे.

"चाचा, सांस छोडो," हमीदभाई म्हणाले. "नाही त मंडपात असंच फुगून राहा लागन."

मग एका खांद्याचा नाप घेतला, दुसऱ्याचा घेतला, आणि विचारलं, "ये वाला कंधा कहाँ छोड़ के आए?"

"जिनिंगमंदी," हे म्हणाले.

मला हसू आलं. मग हमीदभाई हसले, आणि मग, काय वाटलं कोणास ठाऊक, हेही हसले. त्या खांद्यावर ते स्वतः हसले ते तेवढंच.

खिशाला झेपावं म्हणून हमीदभाईंनी तोड काढली. म्हणाले, निळ्या कापडाचा ठाणातला शेवटचा तुकडा आहे, त्यात कोट बसेल, पँट नाही. पँट घरचीच काळी घाला. अस्तर घरून आणा, काहीही पातळ चालेल. उजव्या खांद्यात मी भर घालतो, सरळ दिसाल. पुढच्या फेरीला हे एकटेच गेले. ट्रायलच्या दिवशी मी सोबत होते. कच्च्या टाक्यांचा कोट अंगात घालून हे वळले, कोट पुढून उघडला, आणि आतून माझी नारिंगी साडी दिसली. भावानं भाऊबीजेला घेतलेली नायलॉनची साडी, यांनी पेटीतून न विचारता काढून नेली होती.

"अहो, माही साडी!"

"आतून हाय. दिसत नाही."

म्हणूनच तर राग आला. साडी दिसायला असते. तो राग अजून आहे, मेलेल्या माणसावर राग ठेवू नये म्हणतात तरी आहे.

लग्न मे महिन्यातलं, दिग्रसच्याच एका टिनाच्या हॉलमध्ये. हे कोट घालून खोलीतून बाहेर आले आणि मी क्षणभर पाहतच राहिले... कोणी परका माणूस दारात उभा असावा तसं. दोन्ही खांदे एका रेषेत. मान ताठ. व्याही वऱ्हाड घेऊन उतरले, स्वतः पांढरा शर्ट आणि गळ्यात दुपट्टा. यांना पाहून थांबले आणि मोठ्यानं म्हणाले, "अजी इवाईबुवा, आमी त तुमाले सूट देल्ती, तुमी सूट घालूनच आले! मानपानाची सूट म्हणलो होतो जी मी!" पुन्हा सगळे हसले. बैठकीतलं तेच हसणं.

व्याही उजव्या बाजूला होते. यांना काही ऐकू आलं नाही. मला विचारलं, "काय म्हणते?" मी डाव्या कानाशी सांगितलं, "सूट देल्ती म्हणते. मानपानाची. काही देऊ नका, असं. घालाची नाही." ते समोर पाहत राहिले. गालावरून घाम चालला होता. वर टिन तापलेलं, आत नायलॉन. मी म्हटलं, "मंग काढा ना आता."

"काढता येत नाही."

"काहून?"

"शर्टाची पाठ फाटेल हाय."

कोट वर असल्यावर आतला शर्ट कोण पाहतो, असा त्यांचा हिशेब. कॉलर आणि छातीपुरता शर्ट, पाठीला चाळणी. कोट काढता येईना, घालून राहवेना. मग नेहमीप्रमाणं मागं आचाऱ्यांकडं गेले, जग उचलला, तर आचारीच म्हणाला, "साहेब, तुमी कायले? बाहेर बसा तुमी." जग हातातून काढून घेतला. जायला कुठं जागाच उरली नाही, म्हणून येऊन मंडपात पुढच्या खुर्चीवर बसले. व्याह्यांना तोवर काहीतरी समजलं असावं. ते शेजारी येऊन बसले, म्हणाले, "काढा ना जी कोट, गर्मी पाहा किती." हे म्हणाले, "नाही जी, बरं वाटते." व्याह्यांनी आपला दुपट्टा पाण्यात बुडवून यांच्या मानेवर ठेवला. फोटोवाल्यानं हाक मारली, पोरीचा बाप या. हात रिकामे होते. गेले, उभे राहिले. आमच्या घरातला त्यांचा धड फोटो तो एकच.

त्यानंतर जिनिंगच्या वस्तीत त्यांचं नाव सूटवाले मामा पडलं. कोणाचंही लग्न असलं की निरोप यायचा, मामा, कोट घालूनच येजा. आणि लग्नं सगळी उन्हाळ्यात. घरी आले की कोट भिरकावून द्यायचे, पाठभर घामोळ्या. मी खोबरेल लावता लावता म्हणायची, "एवढा जीव जाते त कायले घालता?" तर म्हणायचे, "आता सोडला त लोक म्हणतीन, पोरीच्या लग्नात उसना आणला होता." मग पुन्हा पुढच्या लग्नाला तेच. मागं जाऊन पाणी वाढणं कायमचं बंद झालं. त्याचं त्यांना बरं वाटत होतं की वाईट, मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. पुढं कापसाच्या धुळीनं छाती भरत गेली, दोन पायऱ्या चढल्या की बसावं लागे. आम्ही गावातच राजूच्या घरी राहायला आलो. लग्नाला जाणं थांबलं तेव्हा कोटही पिशवीत गेला.

तेरवीला त्यांचे कपडे वाटले. शर्ट गेले, पँटी गेल्या, स्वेटर गेलं. कोट कोणाला होईना. राजूनं घालून पाहिला तर उजवी बाजू कानाशी. घरी आलेल्या दोघा-चौघांनी घातला, सगळ्यांचं तेच. बोरी अरबहून व्याही आले होते, आता तेही काठी टेकतात. त्यांनीही घातला, काढला, मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "ईहीणबाई, माह्या एका शब्दापायी मानूस जन्मभर घामानं भिजला." मी म्हटलं, "फोटो त निघाला ना." त्यांना वाटलं मी रागानं बोलले. मी आपलं खरं तेच सांगितलं.

त्याच फोटोतून कापून मोठा केलेला आता भिंतीवर आहे, हार घातलेला. ताठ मानेचा, दोन्ही खांदे सारखे असलेला माणूस. येणारे हात जोडतात. मी रोज पुसते, पण तो माणूस माझ्या ओळखीचा नाही, त्याच्याशी मी कधी संसार केला नाही. राजू म्हणतो, साडी उसवून घे आणि कोट देऊन टाकू भंगारात. कात्री घेऊन एकदा बसलेही. पण साडीची आता नुसती पाठ, पुढा आणि दोन बाह्या झाल्या आहेत, उसवून तिची साडी थोडीच होणार! टाके घट्ट आहेत हमीदभाईंचे. म्हणून कोट हँगरला लावून खोलीत खुंटीवर टांगला. यांच्या अंगावर सरळ दिसायचा, हँगरवर वाकडा दिसतो. जिथं ते खाली होते तिथं कोट वर चढला आहे. प्रथम मी दोन-तीनदा सारखा करून पाहिला. होत नाही.

परवा भाकरी झाल्या, ताट वाढलं, आणि सवयीनं विचारायला गेले, जेवता का म्हणून. खोलीत गेल्यावर ध्यानात आलं. मी कोटाच्या डाव्या बाजूला उभी होते.