डिकीवरची हंगेरी

हेर साबो हेअर ड्रायर मागायला आले, तेव्हा नंदिनी आधी त्यांच्या टकलाकडेच बघत राहिली.

"डोक्यासाठी नाही," ते ओशाळून म्हणाले. "गाडीसाठी."

हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत'. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या इमारतीत ते नंदिनीच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात नोकरी झाली, बायको गेली. त्यांच्या जुन्या गाडीच्या डिकीवर हंगेरीच्या नकाशाचं स्टिकर होतं. आजच्या हंगेरीचं नव्हे, १९२०च्या तहाआधीच्या, जवळपास तिप्पट मोठ्या हंगेरीचं. त्या तहाने साबोंच्या आजोबांचं क्लुजजवळचं गाव रोमेनियात गेलं. साबोही तिथेच जन्मले; शाळेत रोमेनियन, घरात हंगेरियन. ऐंशीच्या दशकात जर्मनीत आले आणि रोमेनियन पुन्हा तोंडातून काढायची नाही, असं ठरवून बसले. स्टिकर पुढे बुडापेस्टच्या एका पेट्रोल पंपावर मिळालं. त्यांच्या लेखी ते आजोबांचं गाव होतं. मग तोच नकाशा मोर्चांमध्ये, गेलेली जमीन परत मागणाऱ्यांच्या हातांत दिसू लागला. साबोंनी स्टिकर काढलं नाही. "त्यांनी उचललं म्हणून मी का टाकू?"

आता त्यांची मुलगी रेका क्लुजच्याच रोमेनियन मुलाशी लग्न करणार होती. त्याच्या आईला घेऊन ती आज जेवायला येणार होती. फोनवर तिने सांगून ठेवलं होतं, "पपा, त्या नकाशात त्यांचं घर तुमच्या देशात आहे. तो डिकीवर दिसला तर आम्ही तशाच परत फिरू. आणि लग्नाला तुम्ही येऊ नका."

ड्रायर घेऊन नंदिनी स्वतःच खाली गेली. ती बेळगावची. तिचे बाबा दर एक नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीत चालतात, आणि नवरा तिने केला धारवाडचा, कानडी. साबोंना हे ठाऊक होतं.

"तुमच्या वडिलांनी शेवटी काय केलं?" ड्रायरच्या गरम हवेने सैल झालेला स्टिकरचा कोपरा नखाने उचलत त्यांनी विचारलं.

"व्याह्यांना आग्रह करून जिलेबी वाढली. कानडीत."

"आणि फीत?"

"अजून बांधतात."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" साबो खुलले. "मग हेही राहू दे की!"

"हेर साबो, फीत संध्याकाळी सुटते. तुम्ही खरवडा."

स्टिकर निघालं. खालचा रंग मात्र उन्हाने विटला नव्हता. फिकट निळ्या डिकीवर गडद निळी हंगेरी तशीच्या तशी उमटली होती.

"जन्म रंगखात्यात गेला आणि हे सुचलं नाही," साबो मटकन पायरीवर बसले.

तेवढ्यात रेकाची गाडी आत आली. ठेंगणी, राखाडी केसांची विहीणबाई उतरली. तिने डिकीकडे पाहिलं, मग साबोंच्या चिकट बोटांकडे. रेकाचा चेहरा उतरला.

साबो उठले. घसा खाकरून अडखळत दोन वाक्यं बोलले.

"रोमेनियन," रेका नंदिनीच्या कानात पुटपुटली. "या म्हणतायत. सूप केलंय म्हणतायत."

कसलं सूप, तो शब्द मात्र त्यांना आठवेना. त्यांनी पायरीजवळच्या कुंडीतली शेपूची काडी खुडून विहीणबाईंपुढे धरली.

तिने वास घेतला. "कॉपोर," ती म्हणाली.

शब्द हंगेरियन होता. शेपूची जुडी देताना साबो नंदिनीला तोच सांगत. विहीणबाई हसून आणखी काही बोलली. क्लुजला शेजारीण हंगेरियन होती, असं रेकाने सांगितलं. सांगताना ती वडिलांकडेच बघत होती. वडिलांना रोमेनियन बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"पपा," ती म्हणाली, "हात धुवा आधी. सगळा गोंद लागलाय."